नकाशा आजोबांच्या पेटीतला, हक्क कोणाचा?

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून भरलेल्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, हौसेने गावाचा नकाशा भरतो. आजोबांच्या पेटीत दोन नकाशे मिळाले : पोर्तुगीज अमदानीत 1907 साली छापलेला, कर्त्याचे नाव नसलेला; आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची 1972 ची शीट. दोन्हींवरून पायवाटा, विहिरी, वाड्यांची नावे गिरवून घेतली. आता शेजारच्या कुळागरवाल्याची (सुपारी-नारळाच्या बागेच्या मालकाची) वकिलामार्फत नोटीस आली आहे : माझ्या जमिनीतली वाट नकाशावरून काढून टाका. ही वाट मी 1907 च्या नकाशावरून घेतली होती. मी गुन्हा केला का?

उत्तर : पेटी वारशाने तुमची झाली, नकाशावरचा कॉपीराइट नाही झाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी नकाशाला, तसेच कर्ता अज्ञात असलेल्या नकाशाला, प्रसिद्धीच्या पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षे संरक्षण असते. त्यामुळे 1907 चा नकाशा मोकळा आहे. 1972 ची शीट 31 डिसेंबर 2032 पर्यंत सरकारची. शीटच्या समासात सर्वेक्षणाचे साल वेगळे आणि प्रकाशनाचे वेगळे असते. पुष्कळजण जुने साल पाहून फसतात. मोजायचे प्रकाशनाचे.

शीटवरून गिरवलेले सगळे आजच काढा. एकट्याने जमत नसेल तर अनुभवी मॅपरकडून ते चेंजसेट (एकत्र जतन केलेल्या बदलांचे संच) उलटवून घ्या. तिथला डेटा खुल्या परवान्याखाली जगभर वापरला जातो, म्हणजे जे द्यायचा हक्क तुम्हाला नव्हता ते तुम्ही वाटून टाकलेत. जाणूनबुजून केलेले उल्लंघन गुन्हा ठरते. आजवर तुम्हाला ठाऊक नव्हते, यापुढे ती सबब चालणार नाही. मात्र विहीर अमुक ठिकाणी आहे, या वस्तुस्थितीवर कोणाचीच मालकी नसते. स्वतः जाऊन जीपीएसवर नोंदवलेली विहीर आणि गावातल्या जाणत्यांना विचारून लिहिलेले वाड्याचे नाव खुशाल पुन्हा टाका.

नोटिशीचा कॉपीराइटशी संबंध नाही. उद्या कोणी तुमचा नकाशा पुढे करून वाटेवर हक्क सांगेल, ही शेजाऱ्याची भीती आहे आणि मला ती रास्त वाटते. वाटेवरून आपल्याकडे भाऊ भावाविरुद्ध कोर्टात उभा राहतो. सरकारी नकाशा अचूक आहे असे न्यायालय गृहीत धरते. स्वयंसेवकांच्या नकाशाला तो मान नाही. हक्क ठरतो तो वहिवाटीच्या पुराव्यावर. तरीही नकाशा पाहून अनोळखी माणसे कुळागरात शिरली तर त्रास त्यालाच.

1907 ची ती वाट आज आहे का? तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, आणि सगळे त्यावरच अडले आहे. सांगे तालुक्यातले कुर्डी गाव जुन्या नकाशांवर आहे, पण ते साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. तिथला जुना रस्ता आजचा म्हणून दाखवणार का? ओपनस्ट्रीटमॅपवर आज जमिनीवर आहे तेच भरायचे. नाहीसे झालेले ओपनहिस्टॉरिकलमॅपवर, म्हणजे जुन्या काळासाठीच्या तशाच वेगळ्या खुल्या नकाशावर.

शेजाऱ्याची परवानगी घेऊन दिवसाउजेडी जा. वाट मोडलेली असेल तर नोंद काढा. असेल पण खासगी असेल तर प्रवेश खासगी असल्याचा टॅग (नोंदीला जोडायची खूण) लावा. मग नोटिशीतल्या मुदतीत त्यांच्या वकिलांना लेखी कळवा : काय तपासले, काय बदलले, आणि या नोंदीतून कोणाचाही वाटेचा हक्क सांगितलेला नाही. सोबत बदलांच्या इतिहासाची प्रत जोडा आणि स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा.