एकटीच इमॅजिकाला? जा की!

'लोक काय म्हणतील' ही धास्ती घरातच जास्त असते. खोपोलीच्या या थीम पार्कात पोचल्यावर तुझ्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते, जो तो आपापल्या पोरांमागे धावत असतो.

सुरुवातीला एवढं पाळ:

- खुलासे देत बसू नकोस. 'एकटीच? का गं, कुणी मिळालं नाही?' असं मावशी विचारणारच. 'नायट्रोत (तिथल्या रोलर कोस्टरमध्ये) बसायचंय' म्हणायचं आणि विषय बदलायचा. लांबण लावलंस की सल्ले सुरू.
- रविवार टाळ. मधला वार घे (डिसेंबरात शाळांच्या सहली असतात, तो कलकलाट वेगळाच).
- बॅग धरायला कुणी नाही, तेव्हा लॉकर घे.

नायट्रोत एका ओळीत चौघं बसतात. तिघांचा गट दिसला की शेजारची जागा बिनधास्त माग, कुणी नाही म्हणत नाही. फोटो काढून द्यायला मात्र सगळे तुलाच गाठतील.