पोरगा आपल्याच संघात असेल तर निवड सोडा, शिकवणं सोडू नका

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळला तुम्ही पगारी बास्केटबॉल प्रशिक्षक आहात. मुलगा १५ वर्षांचा, पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ चालवणारा), वर्षभरात झपाट्याने वर आलाय. १७ वर्षांखालच्या संघात तो बसतोच, पण यादी लागली की 'सरना पोऱ्या शे ना!' (सरांचा पोरगा आहे ना!) सुरू होतं. घरातही खेळाशिवाय दुसरं बोलणं उरलेलं नाही. त्याला स्वतःकडे ठेवावं की बाहेर पाठवावं, हे तुम्ही विचारता आहात.

लगेच पाठवायची गरज नाही, पण आहे तसं चालू ठेवणंही बरोबर नाही. आज तुमच्याकडे दोन कामं आहेत, शिकवण्याचं आणि निवडण्याचं. शिकवणं ठेवा. संघात घ्यायचं की नाही, किती मिनिटं खेळवायचं, कप्तान कोण, हे सगळं मुलापुरतं तुमच्या हातातून काढून दुसऱ्याकडे द्या. बाप-लेकाच्या जोड्या बिघडतात तिथे बहुतेक वेळा ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात.

मोठ्या पातळीवरही हेच दिसतं. डॉक रिव्हर्स एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाचे प्रशिक्षक होते आणि खेळाडूंची खरेदी-अदलाबदल ठरवणारे प्रमुखही तेच होते. जानेवारी २०१५ मध्ये त्यांचा मुलगा ऑस्टिन त्या संघात आला. एनबीएमध्ये वडिलांच्या हाताखाली खेळलेला तो पहिलाच खेळाडू. तो मेहनती होता, उपयोगीही पडला, तरी घराणेशाहीचा शिक्का त्याला कायम चिकटून राहिला, कारण आणणारा आणि खेळवणारा एकच होता. ऑगस्ट २०१७ मध्ये डॉक यांच्याकडचं प्रमुखपद काढलं, प्रशिक्षकपद राहिलं. त्यामागची कारणं संघाची होती, मुलाची नव्हे. पण तुमच्या बाबतीत तीच विभागणी आधीच करून ठेवता येते.

निवडीपासून सुरुवात करा. चाचणीच्या आठ दिवस आधी निकष लिहून नोटीस बोर्डावर लावा. ५० फ्री थ्रो, १०-१० च्या पाच फेऱ्यांत, प्रत्येक फेरीआधी कोर्टची एक धाव, म्हणजे थकलेल्या पायांवर हात किती स्थिर राहतो ते कळतं. उजव्या हाताने एक मिनिट आणि डाव्या हाताने एक मिनिट ले-अप, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून टाकायचे शॉट. २० मीटर धाव. मग १०-१० मिनिटांचे पाच विरुद्ध पाच असे तीन सामने, प्रत्येक वेळी संघ बदलून. १०० पैकी ४० गुण चाचण्यांना आणि ६० सामन्यांना द्या. नुसत्या चाचण्यांवर यादी केली तर नेमबाज आणि वेगाने पळणारे वर येतात. स्क्रीन लावणारा (सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवणारा), रिबाउंडसाठी म्हणजे हुकलेला बॉल पकडायला अंग घालणारा पोरगा मात्र मागे पडतो आणि संघ तिथेच हरतो.

गुण देणारे दोन जण बाहेरचे हवेत. जळगाव, धुळे, अमळनेर, कुठलेही चालतील, पण तुमच्या संस्थेच्या पगारावर नसलेले. आणि त्या दिवशी तुम्ही कोर्टजवळ थांबू नका. तुम्ही तिथे उभे असलात तर पाहुणा परीक्षक कागदावर आकडा टाकण्याआधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. मुलाच्या नावावर फक्त गप्प राहूनही भागत नाही. त्याच जागेसाठी धडपडणाऱ्या दुसऱ्या पॉइंट गार्डबद्दलही मत देऊ नका, कारण त्याला चार गुण कमी देणं म्हणजे स्वतःच्या पोराला चार गुण जास्त देणंच. गुणपत्रक सगळ्यांना दिसेल असं लावा. यादी १२ जणांची असते. मुलगा तेरावा आला तर तेरावाच राहू द्या.

तुम्ही जिल्हा निवड समितीवर असाल तर मुलाच्या वयोगटापुरतं लेखी पत्र देऊन बाजूला व्हा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

आता सामन्यातली मिनिटं. मुलाला आत-बाहेर करण्याचा निर्णय सहायक प्रशिक्षकाचा ठेवा, तुमचा नको. फाउलचा नियम हंगामाआधीच सगळ्यांसाठी एक ठरवा: पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की बाहेर, तिसऱ्यात चौथा झाला की शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत बाहेर. पाचव्याला तर तो तसाही बाद होतो. ठरलेल्या नियमावर पालकांचा वाद होत नाही, तुमच्या मनावर होतो.

बाप-प्रशिक्षकाची सर्वांत मोठी चूक लाडाची नसते, कडकपणाची असते. लोक बोलतील या धाकाने तो स्वतःच्या पोरालाच सर्वांआधी ओरडतो आणि एका टर्नओव्हरवर (बॉल समोरच्या संघाकडे गमावल्यावर) बेंचवर बसवतो. त्याचा परिणाम ओळखायचा तर पोरगा बॉल घेऊन हाफ लाइन ओलांडतो तेव्हा त्याची मान बघा. चांगला पॉइंट गार्ड त्या क्षणी कमकुवत बाजूचा, म्हणजे बॉल नसलेल्या बाजूचा, कोपरा शोधत असतो. धास्तावलेला पोरगा अर्धा सेकंद बेंचकडे बघतो. मग तो अवघड पास टाळतो आणि बॉल आडवा-आडवा फिरवतो. शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले १५-१६ त्यातच जातात आणि शेवटी कुणीतरी दुसराच घाईत वेडावाकडा शॉट मारतो. स्कोअरशीटवर तो शॉट त्या दुसऱ्याच्या नावावर पडतो, म्हणून दोष कुठून सुरू झाला ते दिसत नाही.

यावर साधा उपाय आहे. एका सरावात सहायकाला कागद-पेन देऊन बसवा. तुम्ही मुलाचं नाव किती वेळा घेतलं, त्यात किती वेळा चूक दाखवली आणि किती वेळा शाबासकी दिली, हे रेघा मारून मोजायचं. सोबत आणखी दोन खेळाडूंचंही मोजायचं, पण कुणाचं ते तुम्हाला आधी सांगायचं नाही. मुलाच्या रेघा इतरांच्या दुप्पट निघाल्या तर पुढचे तीन आठवडे त्याची तांत्रिक दुरुस्ती सहायकच करेल असं ठरवा. ते तीन आठवडे संपले की पुन्हा मोजा.

उलट टोकाचा धोका वेगळा आहे. अमेरिकेतल्या एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) मध्ये प्रेस मॅराविच प्रशिक्षक आणि मुलगा पीट खेळाडू, १९६७ ते १९७०. तीन हंगामांत पीटचे ३,६६७ गुण, सामन्यामागे ४४.२, तेही तीन गुणांची रेषा नसताना. हे आकडे आजही डोळे दिपवतात. पण त्या तीन वर्षांत संघ ४९ सामने जिंकला आणि ३५ हरला, आणि एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत एकदाही पोहोचला नाही. आक्रमण एकाच हातातून चालवलं की विक्रम होतात, सोबतचे चार जण मात्र बघे होतात. तुमचा मुलगा पॉइंट गार्ड असल्यामुळे बॉल तसाही त्याच्याकडेच असतो. म्हणून प्रत्येक सामन्यात त्याचे शॉट, त्याच्या पासवर झालेले बास्केट आणि टर्नओव्हर, हे तीन आकडे ठेवाच. संघाच्या एकूण शॉटपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त त्याचे होत असतील तर तुमच्या आखणीत गडबड आहे.

अमेरिकेतल्याच क्रेटन विद्यापीठातली प्रशिक्षक ग्रेग आणि मुलगा डग मॅकडरमॉट ही जोडी मला यापेक्षा जास्त शिकवणारी वाटते. डगने कारकिर्दीत ३,१५० गुण केले. शेवटच्या वर्षी, २०१३-१४ मध्ये, संघातल्या दुसऱ्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून त्याने स्वतःची सोडली आणि घरून फी भरून खेळला. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला तोही त्याच हंगामात. प्रशिक्षकाच्या घराने काहीतरी सोडलेलं संघाला दिसलं की बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. तुमच्याकडे याचं रूप साधं असेल. पहाटे मुलाला एकट्याला शिकवत असाल तर ती वेळ आणखी चार पोरांना खुली करा, फी न घेता.

शरीराकडे येतो, कारण प्रशिक्षकाच्या पोरावर भार दुप्पट पडतो. शाळेचा संघ, क्लब, मोठ्या पोरांसोबतचा खेळ, वर बापाची खास तालीम. सगळं मिळून आठवड्याचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, म्हणजे १५ वर्षांच्याला १५ तास, सामने धरून. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि त्या दिवशी 'जरा फ्री थ्रो टाकून ये' हेही नाही. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टणक, दुखरी गाठ येते. तिला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. हाड वेगाने वाढतं आणि मांडीचा ताणलेला स्नायू त्याला खेचत राहतो, त्यातून ती होते. सिमेंटच्या कोर्टवर उड्या मारल्या की वाढते. उड्या कमी करा, मांडीचे ताण द्या, आणि दुखणं तरी थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दाबून खेळवू नका.

दर महिन्याच्या एक तारखेला उंची मोजून लिहा. दोन-तीन महिन्यांत तीन-चार सेंटिमीटर वाढ दिसली तर त्या काळात शॉट आखूड पडणारच. हात-पाय लांबलेले असतात आणि गुडघ्यातून येणारा जोर व मनगटाचं सुटणं यांची जुनी वेळ जुळत नाही. बापाला तो आळस वाटतो. अशा वेळी ४.६ मीटरवरच्या फ्री थ्रो रेषेवर पोराला तासभर उभं करून काही साधत नाही. रिंगपासून दीड-दोन मीटरवर आणा, एका हाताने ५० शॉट, बॉल रिंगला न लागता जाळीत पडला तरच मोजायचा. ५० पैकी ४० जमले की एक पाऊल मागे. ६.७५ मीटरच्या, म्हणजे तीन गुणांच्या रेषेवरून मारणं तेवढे दिवस बंद. तिथून बॉल पोहोचवायला पोरगं खांदा आणि कंबर फिरवतं, आणि ती सवय पुढे वर्षभर सुटत नाही.

उन्हाळ्याचं तुम्हाला सांगायला नको, तरी लिहितो. एप्रिल-मे मध्ये सराव सकाळी ६ ते ८, नाहीतर सूर्य मावळल्यावर. संध्याकाळी कोर्टला हात लावून बघा, तळवा टेकवून ठेवता येत नसेल तर थांबा. दर १५-२० मिनिटांनी १५०-२०० मिली पाणी, लांब सराव असेल तर मीठ-साखर-लिंबू घालून. आधी आणि नंतर वजन करा. ६० किलोच्या पोराचं वजन १.२ किलोहून जास्त उतरलं तर पाणी कमी पडतंय. सरावाआधी तासभर दोन केळी पुरेत, आपल्याकडे त्यांची काय कमी.

बाहेर पाठवण्याआधी एक मधली वाट आहे आणि ती फुकट आहे. शालेय स्पर्धा १४, १७, १९ या वयोगटांत होतात आणि जिल्हा, नाशिक विभाग, राज्य अशा वर जातात. बास्केटबॉल संघटनेच्या स्पर्धांचे वयोगट वेगळे. दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत. त्यातली एक पूर्ण दुसऱ्या प्रशिक्षकाकडे द्या. शाळेचा संघ तुम्ही बघत असाल तर संघटनेच्या संघात तो दुसऱ्याच्या हाताखाली खेळू दे आणि तुम्ही गॅलरीत बसा, खुणा न करता. वेगळी शिट्टी, वेगळी आखणी, बापाचं नाव नसलेली जागा, हे सगळं त्याला इथेच मिळेल. तिथेही तो पहिल्या पाचांत आला तर ते त्याचं स्वतःचं. नाही आला तर तुमचा अंदाज तपासायची संधी.

पाठवण्याची वेळ कधी, तर सरावात त्याला अडवणारा जिल्ह्यात कुणी उरला नाही तेव्हा, आणि तो स्वतः जायचं म्हणाला तेव्हा. दोन्ही एकत्र हवं. २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत ५२ वा आलेला सतनाम सिंग पंजाबातल्या बल्लो के या गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी त्याला लुधियानाच्या अकादमीत दिलं. तुमच्या मुलावर घर सोडायची वेळ अजून आलेली नाही असं तुमच्याच माहितीवरून वाटतं. शिवाय दहावी आहे. मार्चपर्यंत हलवू नका. सुट्टीत महिनाभर पुण्याला शिबिराला ठेवून त्याचा सूर बघा, मग अकरावीचा प्रवेश ठरवा.

घरचं थोडक्यात. कोर्टवर तो तुम्हाला 'सर'च म्हणेल. गेटबाहेर गाडीवर मागे बसला की खेळ बंद. सामन्याबद्दल दुसऱ्या दिवसापर्यंत त्याने काढल्याशिवाय विषय काढायचा नाही. व्हिडिओ दाखवायचा तर २० मिनिटं, सहा-आठ तुकडे, आणि संघासोबत, जेवणाच्या ताटावर नाही. वहिनींना सामन्याची हकिगत त्याच्या तोंडून ऐकू द्या, तुमच्या नको. हरलेल्या दिवशी पोराला घरात एक तरी माणूस असा हवा ज्याने सामना बघितलेला नाही.

कप्तान खेळाडूंनी चिठ्ठ्यांवर निवडावा. या वर्षी त्याचं नाव त्यात ठेवूच नका.

चाचणी जुलैत घेणार असाल तर बाहेरच्या दोन परीक्षकांना या आठवड्यातच फोन करा, हंगामात ते मिळत नाहीत. त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन संस्थेच्या खात्यातून पावती घेऊन द्या, तुमच्या खिशातून नको.