रोबोचा हात का गळतो?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. टीव्हीवर ते घरातल्या टाकाऊ सामानापासून वस्तू बनवायचे कार्यक्रम लागतात ना, ते तिला प्रचंड आवडतात, बघून झालं की लगेच कात्री-गम घेऊन बसते. पण त्यांचा रोबो दहा मिनिटात उभा आणि आमच्या रोबोचा हात लगेच गळून पडतो, बाटलीवरच्या रंगाचे पापुद्रे निघतात, मग रडारड. ते लोक वेगळं सामान वापरतात का, की सगळं खोटंच असतं?

उत्तर : खोटं नसतं हो, मधला वेळ कापलेला असतो एवढंच. एक वस्तू दाखवायची तर टेबलाखाली तिचे तीनचार नमुने तयार असतात, एक नुसता चिकटवलेला, एक वाळलेला, एक अर्धा रंगवलेला आणि शेवटचा एकदम चकाचक. बीबीसीवर १९५८ पासून चालू असलेल्या ब्लू पीटर या मुलांच्या कार्यक्रमात तर "हा मी आधीच करून ठेवलाय" हे वाक्य त्याची ओळखच होऊन बसलं. त्यांनीच १९९३ मध्ये थंडरबर्ड्स या बाहुल्यांच्या मालिकेतल्या ट्रेसी आयलंड बेटाचं मॉडेल घरच्या घरी कसं करायचं ते दाखवलं, कारण ते खेळणं दुकानांतून संपलं होतं, आणि कृतीचा कागद मागवायला लोकांची नुसती झुंबड उडाली.

तर तुमचा रोबो. पांढरा गम सुकतो म्हणजे त्यातलं पाणी निघून जातं. पुठ्ठा पाणी शोषतो म्हणून पुठ्ठ्याला पुठ्ठा छान चिकटतो, प्लास्टिक काही शोषत नाही मग गम वर नुसता बसून राहतो आणि धक्का लागला की सुटतो. खोक्याच्या छापील गुळगुळीत बाजूचंही थोडंफार तेच, त्यामुळे खोकं जोडावरून उघडा, उलटं करा आणि खरखरीत बाजू बाहेर ठेवून परत चिकटवा, रंगही त्यावर मस्त बसतो. बाटली असेल तर आधी तिच्यावर टिश्यू पेपरचे तुकडे पातळ केलेल्या गमने दोनतीन थर लावा, रात्रभर वाळू द्या, रंग दुसऱ्या दिवशी. जोडायला सेलोटेप नको, त्यावर रंग धरत नाही, मास्किंग टेप म्हणजे कागदी चिकटपट्टी घ्या.

आणि हात! कागदी नळीची नुसती कड चिकटवली तर ती गळणारच, चिकटायला जागाच कुठे आहे. नळीच्या टोकाला छोटे उभे काप द्या, ते फुलासारखे बाहेर वळवा, मग त्या पाकळ्यांना गम लावून दाबा आणि वाळेपर्यंत वरून मास्किंग टेपने धरून ठेवा. त्याहून पक्कं म्हणजे खोक्याला भोक पाडून नळी आत घालायची, पण भोक तुम्ही पाडून द्या, तिला करू देऊ नका.

मुलीला आधीच सांगून टाका की आज फक्त चिकटवायचं, रंग उद्या. कुरकुर करेल, करू दे. आणि तो टीव्हीवरचा शेवटचा चकाचक नमुना मोठ्या माणसांनी बनवलेला असतो हेही सांगा, तिचा वाकडा असला तर असू दे, मला तर वाकडेच जास्त आवडतात.

प्रश्न : मुलासाठी डबे-बाटल्या जमवून जमवून घराचं गोडाऊन झालंय, काय ठेवू नि काय फेकू?

उत्तर : एकच खोकं ठेवा, ते भरलं की नवीन काही आत टाकायच्या आधी जुनं बाहेर. पुठ्ठा, कागदी नळ्या, झाकणं, अंड्यांचे ट्रे, बटणं हे ठेवण्यासारखं. धारदार कडेचे पत्र्याचे डबे, औषधाच्या बाटल्या, स्प्रेचे कॅन, जुने सेल अजिबात नको. थर्माकोल ठेवलात तर त्यावर स्प्रे पेंट मारू नका, बहुतेक स्प्रेमधल्या सॉल्व्हंटने, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या रसायनाने, तो विरघळून खड्डे पडतात, साधा पाण्यातला रंग चालतो.