घरच्या घरी कमी खर्चात चमकी लावलेले मेणबत्तीदान कसे तयार करावे?

यासाठी नवीन काही विकत घेण्याऐवजी जॅमची किंवा लोणच्याची रिकामी, रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. खर्च काय तो चमकीच्या पुडीचा आणि फेविकॉलच्या लहान बाटलीचा. बरणी कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून लेबल काढावे. मागे राहिलेला चिकटपणा खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा एकत्र चोळल्यास निघतो, मात्र त्यानंतर काच पुन्हा धुऊन पूर्ण कोरडी करणे आवश्यक आहे, कारण तेलकट काचेवर गोंद धरत नाही.

चमकी नेहमी बरणीच्या बाहेरच्या बाजूनेच लावावी, आणि याबाबतीत मी अतिशय आग्रही आहे. बाजारातील बहुतेक चमकी प्लास्टिकची असते, त्यामुळे ती आतून लावल्यास ज्योतीच्या उष्णतेने वितळण्याचा किंवा पेटण्याचा धोका असतो. काठापासून दोन सेंटीमीटर जागा चिकटपट्टीने झाकावी, थोडे पाणी मिसळलेला फेविकॉल ब्रशने पातळ लावावा आणि खाली कागद पसरून त्यावर बरणी फिरवत चमकी भुरभुरावी, म्हणजे सांडलेली चमकी पुन्हा वापरता येते. बरणी रात्रभर वाळल्यानंतर फेविकॉलचा आणखी एक पातळ हात द्यावा. तो वाळून पारदर्शक होतो आणि चमकी झडत नाही.

तळाशी बोटभर कोरडी वाळू किंवा जाडे मीठ घालून त्यावर ॲल्युमिनियमच्या वाटीतील लहान मेणबत्ती ठेवावी, म्हणजे काचेला थेट उष्णता लागत नाही. फेविकॉल पाण्याने सुटतो, म्हणून ही बरणी नंतर धुऊ नये, कोरड्या फडक्याने पुसावी.