रेसिंगसाठी पीसी की पीएस५ : दुकानातला फरक ५३,०००, वहीतला २९,०००

प्रश्न थोडक्यात : वय ३१. गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी, हातात ४३,००० रुपये. घर वडिलांचं, फोंड्याला. घरात १५,००० देतो, बाइकचा हप्ता ३,८००, एसआयपी ४,०००, पेट्रोल-मोबाइल-वरखर्च ८,०००. दीड लाखाची मुदत ठेव आहे, त्यातले ४०,००० उन्हाळ्यात कौलं-वाशांच्या डागडुजीला जाणार. कार रेसिंगचे गेम मनापासून खेळायचे आहेत. पीसीचं कोटेशन मॉनिटरसकट १,०८,०००, डिस्कवाला पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) ५५,०००. ४३ इंची टीव्ही घरात आहे. बायको घरून ऑटोकॅडची ड्रॉइंग करून देते, महिन्याला नऊ-दहा हजार मिळतात, पण तिचा लॅपटॉप रखडतो. ठेव मोडून पीसीच घेतला तर दोघांचं भागेल ना? मामा तारवटी (बोटीवर नोकरीला) आहेत, ते बाहेरून कन्सोल आणतो म्हणतात.

नमस्कार. आधी ठेवीचं बोलू, कारण तुमचा प्रश्न तिथेच अडकलाय. दीड लाखातून छपराचे ४०,००० वजा करा, राहिले १,१०,०००. पीसी १,०८,०००, आणि त्याला लागणारा यूपीएस साडेसहा हजारांचा धरला तर १,१४,५००. म्हणजे शिल्लक उणे ४,५००, आणि गेमची गाडी वळवायचं स्टिअरिंग व्हील अजून घ्यायचंच आहे. उद्या कंपनीने घरी बसवलं तर घर, हप्ता आणि वरखर्च मिळून महिन्याला २६,८०० लागतात. ते एक लाख दहा हजार म्हणजे तुमचे जेमतेम चार महिने. त्याला हात लावू नका, पीसीसाठी नाही आणि पीएस५साठीही नाही.

आता यंत्रांकडे. कोटेशनवर ५३,००० चा फरक दिसतो आणि माणूस तिथेच निकाल लावून मोकळा होतो. तीन वर्षांचा हिशेब मांडला की चित्र बदलतं. पीसीचे १,१४,५००, सेलमध्ये घेतलेले गेम तीन वर्षांत ९,०००, आणि तीन वर्षांनी विकताना ४०,००० परत आले असं धरू. निव्वळ खर्च ८३,५००. पीएस५चे ५५,०००, छोटा यूपीएस ३,५००, ऑनलाइन शर्यतींसाठी सोनीची पीएस प्लस ही वर्गणी वर्षाला ४,००० धरून १२,०००, आणि नव्या-जुन्या मिळून सहा डिस्क १८,००० च्या. त्या डिस्क विकून निम्मे म्हणजे ९,००० सुटतील, कन्सोलचे २५,००० येतील. निव्वळ ५४,५००. फरक २९,०००, महिन्याला ८०० च्या आसपास. विक्रीच्या किमती आणि वर्गणी हे माझे अंदाज आहेत, तुम्ही आकडे बदलून बघा. पण दिशा हीच राहील : पीसी आधी जड जातो आणि पुढे हलका होत जातो, कन्सोलचं उलट.

वीजबिलाची चिंता करू नका. खेळताना पीएस५ साधारण २०० वॅट खातो, तुमच्या कोटेशनमधला पीसी ३५०. महिन्याला पन्नास तास खेळलात तर १० युनिट आणि साडेसतरा युनिट. सहा रुपये युनिट धरलं तरी फरक ४५ रुपये. फोंड्याच्या बाजारात दोन शहाळी येणार नाहीत तेवढ्यात.

मग ठरवायचं कशावरून? कुठला गेम खेळायचा आणि कुठलं व्हील घ्यायचं, यावरून. यंत्र त्यानंतर. तुम्ही पत्रात एकाही गेमचं नाव लिहिलेलं नाही, आणि खर्चाची निम्मी गोम तिथे आहे. ग्रॅन टुरिस्मो ७ (२०२२) फक्त पीएस४-पीएस५वर चालतो, पीसीवर तो येतच नाही. उलट आयरेसिंग, बीमएनजी ड्राइव्ह, ल माँ अल्टिमेट हे पीसीचेच, कन्सोलवर नाहीत. पहिला असेटो कोर्सा (२०१४) कन्सोलवरही आला, पण लोकांनी फुकट बनवलेल्या शेकडो गाड्या आणि ट्रॅक जोडायचे तर पीसीच हवा. तीन मॉनिटर जोडून खेळायचं स्वप्न असेल तर प्रश्न मिटला, पीसी. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स घ्यायचं मोठं कारण होतं फोर्झा होरायझन ५, तो एप्रिल २०२५ मध्ये पीएस५वर आला. २०२३चा फोर्झा मोटरस्पोर्ट मात्र अजून एक्सबॉक्स आणि पीसीवरच आहे. तेवढ्या एका गेमसाठी एक्सबॉक्स घेऊ नका.

घरबसल्या एक परीक्षा घ्या. यूट्यूबवर दोन प्रकारचे व्हिडिओ बघा : एकात माणूस गाडी विकत घेतो, रंगवतो, शर्यती जिंकून पुढची गाडी मिळवतो. दुसऱ्यात एकाच ट्रॅकवर एकाच गाडीने चाळीस फेऱ्या मारून अर्धा सेकंद वाचवतो. पहिल्यात मन रमलं तर पीएस५ तुम्हाला पुरून उरेल. दुसरा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलात तर आज कन्सोल घेऊन वर्षभरात पीसीकडे वळाल आणि दोनदा खर्च कराल.

व्हीलच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघा. कन्सोल फक्त परवाना दिलेलं व्हील ओळखतो. प्लेस्टेशनचं एक्सबॉक्सवर चालत नाही, एक्सबॉक्सचं प्लेस्टेशनवर नाही, पीसीवर दोन्ही चालतात. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशन आणि पीसीसाठी, जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीसाठी. जी९२३ दोन वेगळ्या आवृत्त्यांत येतं, खोक्यावरचं चिन्ह बघूनच पैसे द्या. जुनं जी२७ स्वस्तात दिसेल आणि मोह होईल, पण ते पीएस५वर चालत नाही. तुमच्यासाठी जी२९ बरं, कारण पुढे पीसी घेतलात तरी तेच व्हील कामाला येईल. नवं साधारण २८,००० धरा. ते दोन्ही पर्यायांत सारखंच, म्हणून वरच्या हिशेबात घेतलं नाही.

पण व्हील पहिल्या दिवशी घेऊ नका. पीएस५सोबत येणाऱ्या कंट्रोलरचे ट्रिगर ब्रेक दाबताना बोटाला उलटा जोर देतात, ग्रॅन टुरिस्मोमध्ये तर चाक अडकल्याचंही बोटाला कळतं. तीन महिने त्यावर खेळा. तीन महिन्यांनीही आठवड्याला चार तास होत असतील तरच व्हील. कपाटावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली व्हील वर्षभरात विकायला निघतात, आणि सेकंडहँड बाजार त्यांच्यावरच चालतो.

आता तुमच्या पत्रातली खरी अडचण : बायकोचा लॅपटॉप. ऑटोकॅडमधलं द्विमितीय ड्रॉइंग ग्राफिक्स कार्डावर (पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागावर) फारसं अवलंबून नसतं. त्याला लागते पुरेशी रॅम, एसएसडी (वेगवान साठवण) आणि प्रोसेसरच्या एका गाभ्याचा (कोअरचा) वेग. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रखडण्याचं कारण तेच. रॅमची जागा मोकळी आहे की रॅम बोर्डालाच डकवलेली आहे ते आधी दुकानदाराला उघडून बघायला सांगा. सध्या रॅमचे भाव चढलेले आहेत, तरी आठ-दहा हजारांत हे काम व्हावं. एक लाख चौदा हजारांच्या दुखण्याला हे औषध पुरतं का, ते आधी बघा.

हां, बायकोला घरांच्या आतल्या सजावटीची त्रिमितीय रेंडर (फोटोसारखी चित्रं) करायची कामं मिळत असतील, किंवा कुणी विचारलं आणि यंत्र नाही म्हणून नाही म्हणावं लागलं असेल, तर गोष्ट वेगळी. रेंडर ग्राफिक्स कार्ड खातं. फरक महिन्याला ८०० चा आहे, महिन्याकाठी एक जादा काम त्याहून अधिक देईल. अशा वेळी पीसी हा तुमचा खेळ नव्हे, त्यांचा धंदा ठरतो, आणि मग तो त्यांच्या गरजेने निवडायचा : १६ ऐवजी ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डावर ८ जीबीपेक्षा जास्त मेमरी. मात्र एक आधीच बोलून घ्या. क्लायंट रात्री नऊला फोन करून सकाळी ड्रॉइंग मागतो, आणि तुमची शर्यतही रात्री नवाचीच. यंत्र एक आणि माणसं दोन असली की हरतो गेमवाला. हरायलाच हवं.

घसाऱ्याची, म्हणजे वस्तू जुनी होते त्यापोटी करातली, सवलत मिळेल असं कुणी सांगितलं असेल तर तेही तपासू. व्यवसायासाठी वापरलेल्या संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं, घेतला त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्या वर्षी निम्मा. पण वर्षाला लाख-सव्वा लाखाच्या उत्पन्नावर त्यांना करच लागत नाही, मग वाचणार काय? तुम्ही पगारदार, तुम्हाला तर तो लागूच नाही.

पैसे कुठून आणायचे? तुमच्याच आकड्यांप्रमाणे महिन्याला १२,२०० उरतात. पाच महिन्यांत ६१,०००, म्हणजे पीएस५ आणि यूपीएस रोखीत. व्हीलला आणखी अडीच महिने. पीसीला साडेनऊ महिने लागतील, म्हणजे चतुर्थी हुकते; हुकू दे. बिनव्याजी हप्त्याचं आमिष दाखवतील, त्यातली मेख बघा. ५५,००० चे बारा हप्ते, बँकेचा दर १६ टक्के असेल तर आतलं व्याज सुमारे ४,५००. ते विक्रेता सूट म्हणून सोडतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, ८१० रुपये, तुमच्या कार्डावर पडतो. १९९ प्रक्रिया शुल्क असेल तर त्यावरही कर. हजारभर रुपये गेले आणि रोखीची सूटही गेली. फार मोठी लूट नव्हे, पण बाइकच्या हप्त्याशेजारी दुसरा हप्ता नको. आणि कधी खरोखर अडलंच तर ठेव मोडण्याआधी ठेवीवर कर्ज विचारा. ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागतात आणि ठेव शाबूत राहते.

मामांना सांगा, चॉकलेटं आणा. बाहेरून आणलेल्या कन्सोलची वॉरंटी इथे धरतील या भरवशावर राहू नका, सीमाशुल्काची कटकट वेगळी. डिस्क मात्र आणू द्या, पीएस५च्या डिस्कला देशाचं कुलूप नाही. फक्त त्या गेमच्या जादा गाड्या विकत घ्यायच्या तर त्या-त्या देशाच्या खात्यातून घ्याव्या लागतात.

डिस्कवालाच घ्या म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. रेसिंग गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या आणि गाणी परवान्याने येतात, परवाना संपला की गेम विक्रीतून निघतो. फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये असाच गेला. द क्रू हा गेम तर पूर्ण सर्व्हरवर चालायचा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि विकत घेतलेल्यांचाही खेळ आटोपला. ग्रॅन टुरिस्मो ७चा बराचसा भाग इंटरनेटशिवाय चालत नाही. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर तो तीसहून अधिक तास बंद होता. म्हणून गेमवरचा खर्च ही गुंतवणूक नव्हे, सिनेमाचं तिकीट समजा. डिस्क निदान विकता तरी येते.

पावसाळ्याचं. जूनमध्ये वीज येते-जाते तेव्हा अर्धवट झोपेत (रेस्ट मोडमध्ये) ठेवलेल्या कन्सोलला फटका बसतो आणि पुढच्या वेळी तो साठवण दुरुस्त करत बसतो. पूर्ण बंद करा, गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट बघा : ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यात पीएस५, टीव्ही आणि राउटर कसेबसे बसतात. पीसीला ६०० वॅटचा लागेल. घरात इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएसवर आहे का बघा, नाहीतर वीज जाताच कन्सोल बंद पडेल. आणि टीव्हीतला गेम मोड चालू करा. तो बंद असला की ब्रेक दाबल्यावर चित्र उशिरा हलतं, गाडी प्रत्येक वळणावर बाहेर जाते, आणि माणूस महागडं व्हील घ्यायला धावतो.

व्हील सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन चालू करून बघा. वीज देऊन जोडलं की जी२९ आपणहून दोन्ही टोकांपर्यंत फिरतं, ते कुठेही न अडखळता फिरलं पाहिजे. गिअरची हलकी खडखड चालेल. मग ब्रेक हळूहळू दाबून तसाच धरा आणि पडद्यावरची पट्टी बघा. पाय स्थिर असताना पट्टी नाचत असेल तर आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये (पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या भागात) धूळ किंवा ओल गेलेली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने ते बऱ्याचदा सुधारतं, पण किंमत पाडून मागा. पीएस५वर जोडताना व्हीलवरचं बटण पीएस४वर ठेवायचं. घरी लावताना चाकांची खुर्ची नको, ब्रेक मारला की ती मागे पळते. गुळगुळीत फरशीवर पेडलही सरकतात, त्यांच्या मागे भिंतीपर्यंत एक लाकडी पट्टी टेकवा. सुताराकडे कापलेला तुकडा पडलेला असतो, छपराचं काम निघेल तेव्हा मागून ठेवा.