कालवफोड्याची चोच: टोकदार की बोथट?

प्रश्न : कालवफोड्या या किनारपक्ष्याची छायाचित्रे पाहताना एकाच थव्यातील काहींच्या चोची टोकदार, तर काहींच्या बोथट दिसल्या. हा नर-मादीतील फरक आहे, की या दोन वेगळ्या जाती आहेत?

उत्तर : जात एकच आहे. मादीची चोच नराच्या चोचीपेक्षा किंचित लांब व निमुळती असते हे खरे. परंतु आपण टिपलेला फरक मुख्यतः आहारामुळे पडतो. काळी पाठ, पांढरे पोट, लाल डोळे, गुलाबी पाय आणि ८-९ सेंटिमीटर लांबीची केशरी-लाल चोच यांमुळे सुमारे ४०-४५ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी लांबूनही ओळखता येतो. ओहोटीने उघडे पडलेले खडक आणि चिखलाचे पट्टे ही त्याची चरण्याची जागा. भरती आली की थवा उंचावरच्या कोरड्या जागी विसावतो.

नाव कालवांवरून पडले असले, तरी तो प्रामुख्याने इतर शिंपले आणि चिखलातील किडे खातो. शिंपला उघडण्याच्या त्याच्या दोन रीती आहेत. काही पक्षी कवचावर घाव घालून ते फोडतात, तर काही किंचित उघडलेल्या फटीत चोच खुपसून दोन्ही शिंपा आवळून धरणारा स्नायू कापतात. फोडणाऱ्यांची चोच झिजून बोथट होते, फटीत घालणाऱ्यांची पातळ, छिन्नीसारखी राहते आणि मऊ चिखलात किडे शोधणाऱ्यांची टोकदार होते. एवढी झीज सोसते, कारण ही चोच दिवसाला सुमारे ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे आपल्या नखांच्या कितीतरी पट वेगाने. म्हणूनच पक्ष्याने आहार बदलला, तर काही आठवड्यांतच चोचीचे टोकही बदलते. एखाद्या पक्ष्याचा अलीकडचा आहार त्याच्या चोचीवरून ताडता यावा, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

हे कसब पिलांना आयते मिळत नाही. जमिनीवरच्या उथळ खळग्यात घातलेल्या, बहुधा तीन, अंड्यांतून बाहेर पडलेली पिले लवकरच चालू लागतात. तरीही, बहुतेक किनारपक्ष्यांत आढळत नाही अशा रीतीने, आईबाप त्यांना भरवतात. किडे वेचणाऱ्यांची पिले लवकर स्वावलंबी होतात. शिंपले फोडणाऱ्यांच्या पिलांना मात्र उडता येऊ लागल्यावरही बराच काळ आईबापांच्या मागे राहावे लागते.