ब्राऊन एल चांगली की सुमार, हे चाखून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की क्राफ्ट ब्राऊन एल (छोट्या कारखान्यांत बनणारी तपकिरी बियर) तुम्हाला 'धड गोड नाही, धड कडू नाही' अशी लागते आणि त्यामुळे तिला चांगली म्हणावं की नाही तेच कळत नाही. गंमत म्हणजे तुमची ही तक्रार या बियरचं बऱ्यापैकी अचूक वर्णन आहे. ती अधलीमधलीच असते. तो मधला तोल साधलाय की फसलाय, एवढंच बघायचं.

आधी तापमान. फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतलीत तर माल्टचा (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) वास दबतो आणि हाती लागतो नुसता गारवा. 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या आसपास ती खुलते, म्हणून बाटली थोडा वेळ बाहेर राहू द्या. ग्लासही गोठवलेला नको.

रंगात फार अडकू नका. उजेडासमोर धरल्यावर तांबूस-तपकिरी झाक दिसली की पुरे. स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपीच्या (बियर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) गुणपत्रिकेत 50 पैकी दिसण्याला फक्त 3 गुण आहेत. वासाला 12 आणि चवीला 20.

वास मात्र ओतल्यावर लगेच घ्या, फेस जिवंत असताना. कॅरॅमल, टॉफी, पावाची खरपूस कड, भाजलेले दाणे असं काहीतरी यायला हवं. दाण्यांचा हा भास बहुतेक वेळा माल्ट भाजल्यामुळेच येतो, बियरमध्ये दाणे घातलेले नसतात.

आता घोट. लहान घेऊ नका, तोंडभर घ्या आणि क्षणभर धरून ठेवा. आधी गोडसरपणा येतो, मागून खरपूसपणा. खरा निकाल लागतो गिळल्यानंतर. चांगल्या एलमध्ये हॉप्सचा (बियरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) बेताचा कडवटपणा येऊन गोडी आवरती घेतो, जीभ कोरडीशी होते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. फसलेलीत गोडी पाकासारखी टाळूला चिकटून बसते. उलट टोकही आहे: काळपट भाजलेला माल्ट सढळ हाताने पडला की शेवटी राखेसारखी तुरट चव उरते. मला विचाराल तर हा दुसरा दोष जास्त खटकतो. तशीच चव हवी असेल तर माणूस सरळ स्टाउट, म्हणजे काळी, करपट चवीची बियर मागवेल ना!

कोणत्या धाटणीची एल आहे, हेही बघा. इंग्लंडच्या उत्तरेकडची, उदाहरणार्थ 1927 पासून बनणारी न्यूकॅसल ब्राऊन, कोरडी आणि हलकी. लंडनची जुनी मॅन्स खूपच गोड, आणि अल्कोहोल जेमतेम 2.8 टक्के. अमेरिकन ब्राऊनमध्ये हॉप्सचा लिंबूवर्गीय किंवा पाइनसारखा वास ठळक असू शकतो, भाजकेपणाही जास्त. बरेच क्राफ्टवाले याच वळणाने जातात. अशा एलला 'हॉप्स जास्त झाले' म्हणून गुण कापणं अन्यायाचं होईल.

आता खरे दोष. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बियर जुनी झाली आहे किंवा तिला हवा लागली आहे. हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा आंबवण्याची प्रक्रिया अर्धवट राहिल्याचं सांगतो. लोण्याचा वास जेमतेम जाणवला तर इंग्लिश एलमध्ये चालून जातो, पण तोच वरचढ झाला तर नाही. पारदर्शक बाटली उजेडात राहिली असेल तर एक उग्र, नकोसा वास येतो. त्यात बनवणाऱ्याइतकाच बाटली ठेवणाऱ्याचाही हात असतो.

अर्धा ग्लास संपेपर्यंत मत पक्कं करू नका. बियर कोमट होत जाते तसे गुणही उघडे पडतात आणि दोषही. दोन वेगवेगळ्या एल शेजारी ठेवून आलटून पालटून प्यायलात तर फरक फार पटकन कळतो. आणि कॉफी, मेपल, हेझलनट वगैरे घातलेल्या एल या तुलनेत आणू नका. त्यांत मूळ बियर कशी आहे हे कळायला बराच सराव लागतो.